निळ्या रंगाच्या आठवड्यातला लाल रुमाल

अर्धे कपडे खळबळून झाले होते, तेवढ्यात भाऊजींचा रुमाल हाताला लागला. त्यावर लाल डाग. माझे हे धाकटे दीर रंगाच्या कारखान्यात कापड रंगवतात. त्यांचा रुमाल कोरा असतो कधी? तिथं सगळेच रंगीत थुंकतात. पिवळा रंग चालू असला की पिवळं, हिरवा असला की हिरवं. त्यामुळे लाल डागांचं घरात कुणालाच काही वाटायचं नाही, खुद्द त्यांनाही नाही. आज मात्र मी साबण खाली ठेवला.

"भाऊजी, सध्या कोणता रंग चालू आहे?"

"निळा. का, पडदे रंगवून हवेत?"

मी रुमाल पुढे धरला. त्यांची थट्टा तिथल्या तिथे विरली.

दवाखान्याच्या दारातच भाऊजींना खोकल्याची उबळ आली आणि ओंजळभर रक्त पडलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, लहानपणीच्या क्षयाची फुप्फुसात पोकळी राहिली आहे, तिथली रक्तवाहिनी फुगून झिरपते आहे.

"म्हणजे छाती फाडणार?" ओल्या कापडाचे पिळे उचलण्यावर भाऊजींचं पोट. छाती उघडली की हात गेले, हीच त्यांची धास्ती.

"आधी नाही. जांघेतून बारीक नळी त्या रक्तवाहिनीपर्यंत नेऊ, बारीक कण सोडून ती आतूनच बुजवू. तुम्ही जागेच राहाल."

"गळतंय छातीत आणि शिरायचं जांघेतून! दादाची चाल दिसतेय. शेजारी जायचं तरी गावाला वळसा."

"गप्प बस रे," आमचे हे धाकट्या भावावर डाफरले आणि भिंतीकडे वळून डोळे पुसू लागले.

भाऊजींना आत नेलं, तशी मी बाकावर नामस्मरण करत बसले. देवाकडे काही मागू नये, असं मी मानते. आज सरळ मागितलं. मग वाटलं, नळी नेणाऱ्या हातांतही तोच असणार. त्याला वेगळं काय सांगायचं?

भाऊजींना बाहेर आणलं तेव्हा पाय सरळ ठेवून पडून राहायची सक्त ताकीद होती.

"वहिनी, पडद्यावर माझ्या शिरा पाहिल्या. कापडावर वेल छापावी तशा. बघता बघता एक फांदी दिसेनाशी झाली."

रक्त थांबलं. पण डॉक्टरबाईंनी बजावलं, वाहिनी बुजली तरी पोकळी तिथंच आहे. क्षय पुन्हा जागा झाला असेल, तर रक्त परत येईल.

घरी आल्यापासून भाऊजी खोकला आला की आधी रुमाल बघतात, मग आमच्याकडे. उद्या सकाळी ते थुंकी तपासायला देऊन येणार आहेत.