पडद्याच्या अलीकडे

कामगार कचेरीच्या पायरीशी बसून गेली बावीस वर्षे मी लोकांची गाऱ्हाणी शुद्ध मराठीत मांडत आलो आहे. तरीही काल शेवंताबाईंचा अंगठा पाहून माझी लेखणी थबकली.

बाई तांब्याच्या कारखान्यात पडदे धुतात. "टाकीत वीज सोडली की तांबं पडद्यातून पलीकडं जातं, घाण अलीकडंच ऱ्हाती," त्यांनी मला समजावले. "मग त्यो पडदा तेजाबात धुवायचा. हातमोजं घातलं तर निसटतो, आन् फाटला की मुकादम म्हणतो, आता तुझं कातडं लाव."

त्यांना धुण्यावरून माल बांधण्याच्या खात्यात बदली हवी होती, एवढेच. मी अर्ज नेहमीप्रमाणे उत्तम उतरवला. खाली त्यांनी अंगठा उठवला, तर नुसता निळा डाग उमटला. त्यात रेषा एकही नव्हती.

खिडकीतल्या कारकुनाने कागद परत सरकवला. "ठसा ओळखू येत नाही, बाई. दुसरा अंगठा लावा."

"दुसरा बी तसलाच हाय, साहेब."

त्या टाकीतला पडदा निदान धातू आणि घाण यांतला भेद जाणतो. आमच्या व्यवस्थेचा पडदा माणसाच्या हातावरच्या रेषा तेवढ्या पलीकडे ओढून घेतो आणि उरलेल्या माणसाला अलीकडे उभे करून विचारतो, तू कोण?

बाईंनी अर्जाची घडी कनवटीला खोचली आणि कामाची पाळी बुडू नये म्हणून त्या पडदे धुवायला निघून गेल्या.