जुलैत विकू नये

अख्ख्या अमिरातीत जुन्या वस्तूची खरी किंमत एकाच माणसाला कळत होती, आणि तो अजमानला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. हॉटेलात स्टोअरकीपर असलेले हे वसईचे अंकल नाताळची चांदणी जानेवारीत घेत, स्वेटर जूनमध्ये आणि एसी डिसेंबरात. खिशात पाकीट नसलं तरी चाले, थर्मामीटर हवाच. जुनी वस्तू बघायला ते ऑगस्टात भर दुपारी दोनला जात आणि विकणाऱ्याला गप्पांत गुंगवून उन्हात उभं करत. "पंचेचाळीस डिग्रीला माणूस जो भाव सांगतो ना, तो मनापासूनचा!" एकदा अशा एका गृहस्थाला घेरीच आली. अंकलनी त्याला सावलीत नेलं, लिंबूपाणी पाजलं आणि भाव आपणहून वाढवून दिला. का, तर आता तापमान बदललं!

मी पुण्याचा, त्यामुळे मला कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती. मंदीच्या आधीच्या डिसेंबरात, छान गार वारं सुटलेलं असताना, वाळूत पळवायची एक जुनी चारचाकी बाइक मी बारा हजार दिरहमला उचलली. "म्हणजे सव्वा लाख!" बायकोनं जिन्यातच हिशोब केला. अंकलनी थर्मामीटर काढला. "अठरा डिग्री. अरे बाबा, तू बाइक नाही घेतलीस, हवा विकत घेतलीस." पहिल्याच टेकाडावर बाइक वर गेली आणि मी खाली राहिलो. "डॅड, आर यू डन?" लेकीनं गाडीतून विचारलं.

पुढे मंदी आली, आणि दीड वर्षानं, जूनमध्ये, कंपनीचं पत्रही आलं: सप्टेंबरनंतर नोकरी खलास. मी ठरवून टाकलं, सगळं विकायचं आणि पुण्याला परत जायचं. सुरुवात बाइकपासून. शारजाच्या रोल्ला बाजारातल्या दुकानांत जाहिरातीचे कागद चिकटवले आणि ऐन जुलैत गिऱ्हाइकं येऊ लागली. भाव चार हजार. अंकल मदतीला म्हणून प्रत्येक वेळी खाली उतरत. "भाईसाब, रिव्हर्स गिअर देखा? रोता है," त्यांनी पहिल्याला सांगितलं. दुसऱ्याला सीटखालची वाळू ओंजळीनं काढून दाखवली. तिसरा तर नोटा हातात घेऊन उभा होता. अंकल माझ्याकडे बोट दाखवून हळहळले, "इसको दो बार गिराया इसने." तो गेलाच.

माझा तोल गेला. "अंकल, तुम्ही माझ्या बाजूचे की त्यांच्या?"

"जुलैत माणसानं दोन गोष्टी करू नयेत," ते घाम पुसत म्हणाले. "जुनी बाइक विकू नये, आणि गाशा गुंडाळायचं ठरवू नये. दोन्हीला भाव येत नाही. यल्ला, वर चल, तुझ्या बायकोनं चहा टाकलाय." बायको त्यांना सामील होती हे मला फार उशिरा कळलं.

त्या उन्हाळ्यात माझे नोकरीचे अर्ज त्यांच्याच डायनिंग टेबलावर लिहिले गेले. सप्टेंबर संपता संपता फुजैराच्या बंदरातल्या एका ऑफिसनं मला घेतलं. डिसेंबरात बाइकला नऊ हजार देणारा आला, तेव्हा अंकलच त्याला घेऊन आले होते. "रिव्हर्स गिअर? अरे, गाता है!" पण चावी काही माझ्या हातून सुटेना. अंकलनी कपाळाला हात लावला. अठरा डिग्रीला न विकणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

पुढे काही वर्षांनी अंकल निवृत्त झाले, आणि हॉटेलनं तारीख दिली ती नेमकी जुलैतली. पहिल्या गिऱ्हाइकानं सांगितलेल्या भावात त्यांनी सोफा द्यायला काढला. मी मुद्दाम पुढे होऊन म्हणालो, "भाईसाब, इसका पाय हिलता है."

अंकल हसले. "राहू दे रे. मी आता फक्त हवापालटाला चाललोय." आणि थर्मामीटर माझ्या खिशात घातला.

दर डिसेंबरात वसईहून फोन येतो. "किती?"

"अठरा."

"मग काढ ती बाइक विकायला. टायमिंग आहे!"

"इन्शाल्ला, अंकल," मी म्हणतो, आणि खाली जाऊन तिच्यावरची वाळू पुसून येतो.