पाण्यात ठेवलेला देव

मी संशयी बाई आहे. दूध आलं की आधी वास घेते. टरबूजवाला थापटून दाखवतो त्यावर माझा भरवसा नाही, मी स्वतः थापटते. सून हसते, म्हणते, आई, तुम्ही प्रसादाचा पेढासुद्धा उलटा करून पाहता. पाहते, का नाही पाहणार? देवावरचा संशय तर माझा सगळ्यात जुना आहे.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही औरंगाबादेत, बेगमपुऱ्यात, दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. वडील शहागंजात शिलाईच्या मशिनी दुरुस्त करायचे. एखादी मशीन हाताबाहेर गेलेली निघाली, तर ते तिला तेल घालून, फडक्यानं पुसून परत करायचे आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, माझ्याच्यानं नाही झालं. आईला ते मुळीच आवडायचं नाही. असं आपल्या तोंडानं कुणी सांगतं का, म्हणायची.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला मुदतीचा ताप आला. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या चाचींच्या मुलालाही तोच ताप. डॉक्टर एकच, औषध एकच. चाचींनी दर्ग्याच्या जाळीला धागा बांधला. आईनं देव पाण्यात ठेवला. आमचा बोटभर पितळी बाळकृष्ण तिनं तांब्याच्या तपेल्यात बुडवला आणि त्याला बजावलं, पोरगी उठून बसली की तुला बाहेर काढीन, तोवर नाही. वर उपास धरले. मी तपेल्यात डोकावून पाहायची. रांगता बाळ, हातात लोण्याचा गोळा, आणि पाण्याखालून आपला हसतोय. मला तेव्हाच वाटलं, ह्याचं लक्ष नाही.

चाचींचा मुलगा उठला. माझी बहीण गेली.

देव पाण्यातच राहिला. आई त्याला काढेना. पोरगी उठली तर काढीन म्हणाली होती, पोरगी उठली नव्हती. पण रोज सकाळी तपेल्यातलं पाणी मात्र न चुकता बदलायची. ही त्याला शिक्षा देते आहे की सांभाळते आहे, मला कळेना. तिला विचारायची माझी छाती नव्हती.

मग पैठणहून आत्या आली. वडिलांची थोरली बहीण, घरात तिचा शब्द खाली पडत नसे. तिचं रडून झालं, डोळे पुसून झाले आणि तिची चौकशी सुरू झाली. देव ठेवताना डोक्यावरून न्हाली होतीस ना? तपेलं दुधाचं तर नव्हतं? उपासात काही तोंडात गेलं नाही ना? आई आधी काही चुकलं नाही म्हणत होती. मग आठवून आठवून, चोरी कबूल करावी तसं, तिनं सांगितलं की एका उपासाच्या दिवशी पोरीच्या पेजेत मीठ पडलंय का, ते जिभेवर थेंब घेऊन पाहिलं होतं.

"तरीच," आत्या म्हणाली.

एवढंच. पण तो शब्द आजही कुणी उच्चारला की माझ्या अंगाची आग होते. त्या एका शब्दात देव सुटला. तो सर्वशक्तिमान, तो दयाळू, त्याच्याकडून चूक होणार नाही. मग चूक कुणाची? आजारी लेकराच्या पेजेतलं मीठ चाखणाऱ्या आईची! भेटायला येणाऱ्या बायाही मान हलवायला लागल्या. आईनं खाणं सोडलं. चुलीपुढं बसून ती पुटपुटत राहायची, थुंकून टाकलं असतं तर चाललं असतं का गं?

एक दिवस ती परसदारी चाचींना गाठायला गेली. मी मागंच होते. तिला संशय होता, चाचींचं मागणं बिनचूक असणार, म्हणूनच त्यांचा मुलगा राहिला. आपा, तुम्ही कसं मागितलं ते खरं सांगा, म्हणाली. चाचींनी मुलगा उठल्याची मिठाई वाटली नव्हती. आमच्या दारासमोर त्या त्याला खेळूही देत नव्हत्या. त्या खाली बघत म्हणाल्या, "दोनों का नाम एकसाथ लेती थी मैं, बाई. एकीच का सुन्या. मेरेकू क्या मालूम कायको."

मला वाटलं, आता तरी आईच्या डोक्यातलं मीठ जाईल. कुठलं! चाचींनी माझ्या पोरीसाठीही मागितलं आणि मीच ते मातीत घातलं, असं ती म्हणायला लागली.

सुतक फिटलं त्या दुपारी आत्या देवघरापुढं बसून आईला सांगत होती की आता देवाची माफी माग, नाक घास, नाहीतर ह्या थोरलीवरही येईल. थोरली म्हणजे मी. आई खरंच जमिनीकडं वाकली. वडील जेवत होते. ते ताटावरून तसेच उठले, हात धुतला, तपेल्यातून बाळकृष्ण काढला आणि खांद्यावरच्या पंच्यानं पुसायला लागले. लोण्याचा गोळा, गुडघे, पाठ, सगळं नीट कोरडं केलं.

आत्या ओरडली, अरे, बोललेलं पुरं झालं नाही आणि देव काढतोस?

वडिलांचा आवाज चढला नाही. "त्याच्याच्यानं नाय झालं, आक्का. हिचं काई चुकलं नाय."

देव सर्वशक्तिमान असतो, आत्या म्हणाली. वडील म्हणाले, मग त्यानं येऊन सांगावं तसं. त्यांनी देव जागेवर ठेवला आणि आईला धरून उठवलं. बहीण गेल्यापासून आई हुंदका देऊन रडली नव्हती, ती त्या दुपारी रडली. संध्याकाळी तिनं मला भाकरी वाढली आणि स्वतःही खाल्ली.

पुढं आई रोज दिवा लावायची, पण त्या देवाजवळ तिनं कधी काही मागितलं नाही. तो आता माझ्याकडं आहे. वडिलांचं म्हणणं खरं का, मला ठाऊक नाही. त्याच्यानं झालं नसेल तर ठीक, बिचारा राहील माझ्या घरात. पण होत असून त्यानं केलं नसेल तर? हा संशय मला अजून सोडत नाही.

मागच्या पावसाळ्यात नातीचा ताप उतरेना. पाहते तर सून देवघरापुढं तांब्याचं तपेलं भरून उभी. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि पाणी तुळशीत ओतलं. ती घाबरून म्हणाली, आई, माझं काही चुकलं का?

"नाही बाळ," म्हटलं, "आणि उद्या काहीही झालं तरी तुझं काही चुकलेलं नसेल. चल, दवाखान्यात जाऊ."