धाबळीची विजार

आमच्या बोरिवलीच्या घरात लोकरीची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे आत्याची धाबळी. आत्या ही वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा झाली आणि आमच्याकडे आली ती कायमची. पहाटे विहिरीवर आंघोळ करून ती जाडीभरडी, टोचरी धाबळी अंगाभोवती गुंडाळायची आणि तिच्यातच पूजा, स्वयंपाक, नैवेद्य सगळं उरकायची. तोवर तिला कोणी शिवायचं नाही, स्वयंपाकघरात कोणी पाऊल टाकायचं नाही. सुती लुगडं कुणाचा धक्का न लागता वाळायला आमच्या दोन खोल्यांत जागाच नव्हती, त्यामुळे तिचं सोवळं त्या एका धाबळीवर चालायचं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मला माशांचा अभ्यास करायला स्कॉटलंडला जायची संधी मिळाली. घरच्यांना पहिला धक्का बसला तो परदेशाचा नव्हे, माशांचा. मुलगी प्राणिशास्त्र शिकतेय म्हणजे फार तर बेडूक, अशी सगळ्यांनी मनाची समजूत घातलेली होती. दुसरा धक्का आमच्या कॉलेजातल्या सरांनी मला दिला. ते तिकडे राहून आले होते. तिथे लहानशा बोटीतून बर्फगार समुद्रावर जावं लागतं, आणि त्या फेऱ्या केल्याशिवाय अभ्यासक्रम पुरा होत नाही, असं ते म्हणाले.

"साडी विसर. अंगालगत लोकर हवी, पायांनासुद्धा. त्यावर स्वेटर, वर मेणकापडाचा कोट. कानटोपी, मोज्यांचे दोन जोड. कोरडे कपडे मेणकापडात बांधून वेगळे ठेव. मळमळीवर आलेपाक ने. आणि सुती काही अंगालगत घालू नकोस. भिजलं की ते अंगातली ऊब ओढून घेतं. पायांना लोकर नसली तर तुला बोटीत चढूच देणार नाहीत, सांगून ठेवतो."

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई मटकन खाली बसली. "म्हणजे विजार? पुरुषासारखी?" शेजारणींनी तोंडात बोटं घातली, पण त्यातल्याच एकीने नवऱ्याची कानटोपी आणून दिली. आईने डोळे पुसत पुसत स्वेटर विणायला घेतला. मेणकापडाचा कोट सरांनीच दिला. अडलं ते पायांच्या लोकरीपाशी. बाबा ती आणायला मोठ्या उत्साहाने फोर्टात गेले आणि तीन मफलर घेऊन परत आले. लेकीसाठी लोकरीची आतली विजार हवी, हे परक्या दुकानदाराला सांगायला त्यांची जीभच रेटली नव्हती. मी इतकी चिडले की त्या दिवशी जेवले नाही. बोटीत चढता आलं नाही तर दोन वर्षं तिकडे जाऊन करायचं काय? काठावर बसून शिंपले मोजायचे?

आत्या माझ्याशी बोलत नव्हती. "समुद्र ओलांडणार, मासे चिवडणार आणि वर विजारी घालणार! बघायला मी जिवंत कशाला राहिले!" एवढं बोलून तिने माझ्याकडे पाठ फिरवली होती.

एक दिवस दुपारी मी मालाडहून मैत्रिणीकडून परत आले तर घरात शिवणाचं हातमशीन खडखडत होतं. आत जाऊन पाहते तो जागीच थिजले. जमिनीवर बाबांचा लेंगा मापाला पसरलेला, शेजारी कात्री, आणि मशीनखाली आत्याची धाबळी. उभी कापलेली! देवघरातली मूर्ती कुणी फोडलेली पाहिली असती तरी मी एवढी हबकले नसते.

"आत्या! अगं ही धाबळी..."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले अजून."

"अगं पण तुझं सोवळं?"

"माझ्या ट्रंकेत दुसरी आहे. तू पाय पुढे कर, उंची बघू दे." मग मान वर न करता म्हणाली, "लोकरीला विटाळ नसतो. मासे चिवडलेस तरी कमरेखाली तरी शुद्ध राहशील."

शास्त्राचा हा अर्थ तिने खास माझ्यापुरता काढला होता. मी खो खो हसत सुटले आणि हसता हसता रडू आलं. बाबा संध्याकाळी आले, विजार पाहिली आणि टोपी हातात धरून नुसते उभे राहिले. पुढे त्या बर्फगार समुद्रावर हीच विजार घालून मी गेले. ती भयंकर टोचायची, पण पाय गरम राहायचे.

माझं जहाज जानेवारीत सुटणार होतं. निघायच्या दिवशी मी पहाटेच उठले; एरवी मी उठेपर्यंत आत्याचं सोवळं उरकलेलं असायचं. बोरिवलीला तेव्हा हिवाळ्यात चांगलंच गारठायचं, म्हणून सहज विजार चढवली, वर शाल घेतली आणि स्वयंपाकघराशी गेले. आत्या चुलीपुढे बसली होती. अंगावर सुती लुगडं, विहिरीवरून आल्यासारखं ओलंचिंब. पदराचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं. तिचे दात वाजत होते. धाबळी नसली तर ओलेत्याने स्वयंपाक चालतो, हे मला ऐकून माहीत होतं. माझ्या काळजात चर्र झालं.

"आत्या, दुसरी धाबळी कुठाय?"

"असती तर नेसले नसते?"

"इतके दिवस तू रोज अशीच? ही घे, मी काढून देते ही विजार. उसव ती!"

"सुई लागलेलं सोवळ्याला चालत नाही," ती म्हणाली. "आता ती तुझी. तुझ्यासाठी शिरा करतेय, बस तिथे."

मला राहवलं नाही. अंगावरची शाल काढून मी तिच्याकडे धावले.

"शिवू नकोस गं!" ती किंचाळली. "शिवलीस तर पुन्हा विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घ्यावं लागेल मला."

मी तिथेच थांबले. माझ्या दोन्ही पायांना तिच्या लोकरीची ऊब होती आणि हातात कोरडी शाल होती. ती माझ्यापासून हातभर अंतरावर कुडकुडत होती, आणि मला तिचे नुसते खांदेसुद्धा पुसता येत नव्हते.