पिशोरचा अळू आणि फाटकावरचा मायाळू

आमच्या घरचा पिशोरचा अळू मी मारला. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. मित्रांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. अळूपायी मनाला लावून घेणारा माणूस म्हणून त्यांनी जन्मभर माझी टर उडवली असती.

त्या अळूचं घराणं मोठं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर आजोबा पिशोरची शेती भावांवर सोपवून औरंगाबादला नोकरीला आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि अळकुड्या जास्त होत्या म्हणे. अळकुड्या म्हणजे अळूचे गड्डे. परसात न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं त्या लावल्या आणि मग घराला एक हिरवं परसदार आलं. पाहुणे मागं हात धुवायला गेले की तिथंच रेंगाळायचे. काळपट जांभळे देठ, हत्तीच्या कानाएवढी पानं, त्यांच्यावरून पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे घरंगळायचे. दिसायला बाग आणि खायला भाजी. शिवाय त्याची मिजास अशी काही नाही. पाय ओले आणि डोक्यावर थोडी सावली एवढं मिळालं की झालं. घरातल्या अंघोळी उरकल्या की त्याचंही जेवण उरकलं. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात असा भाडेकरू परवडतो.

आई लग्न होऊन या घरात आली आणि अळू तिच्या ताब्यात गेला. पानं कधी तोडायची, कोणत्या पानाची वडी, कोणत्या पानाची पातळ भाजी, चिंच किती, सगळं तिचं. आणि एक कायदा तिनं सासूकडून घेतला होता: अळू चिरताना तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की अळू खाजतो. हाताला तेल लावून ती विळीवर बसली की आम्ही मुलं कितीही चाळे करोत, आई मुकी. तिच्या हातची भाजी कधी खाजली नाही हेही खरं. चिंचेचा अंदाज पक्का होता, एवढंच त्याचं कारण असावं. पण कारणापेक्षा कायद्याला घरात जास्त किंमत असते.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आई वैजापूरला मावशीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेली. बायको माहेरी गेलेली. वडील सकाळी कचेरीत गेले की दिवेलागणीला घरी. परसात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसे. निघताना आई एवढंच म्हणाली, "अळूकडं बघ रे. बाकी घराचं काय, ते उभंच ऱ्हाईल."

मी बघितलं ते असं. गल्लीत तेव्हा ड्रेनेजची लाईन पडत होती. मी हौसेनं न्हाणीचं पाणी पाईप टाकून सरळ त्या लाईनीला जोडून घेतलं. डबकं गेलं, डास गेले, मी स्वतःवर खूष. अळूचं ताटच मी उचलून घेतलं होतं, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. पुन्हा परसात डोकावलो तेव्हा पानांचे कागद झाले होते. उकरून पाहिलं तर अळकुड्या सुक्या खारकांसारख्या.

आई यायला आठवडा उरला होता. मी पाईप मोडला, सायकल काढली आणि गावाबाहेरच्या नाल्याकाठून तसाच दिसणारा रानअळू पोतंभर उपटून आणला. देठ जरा फिके होते, पण वाफ्यात बसवल्यावर माझं मलाच खरं वाटेना की तो परका आहे. आईनं आल्या आल्या पाहिलं.

"देठ उतरलेत जरा."

"ऊन लई होतं औंदा," मी म्हणालो.

"व्हय, असंल," ती म्हणाली आणि पाणी घालू लागली.

त्या खोट्यानं पावसाळाभर जोमानं पानं काढली. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं त्या जेवणात अळूची भाजी नसली तर देवी बसल्या असं धरतच नाहीत. आईला इतर स्वयंपाक होता, म्हणून विळी पहिल्यांदा नव्या सुनेकडं आली. कायदा सांगून झाला. बायको ओठ मिटून चिरायला बसली आणि मी, गाढव, दारात उभा राहून फुलंब्रीच्या मामांची नक्कल केली. मामा पाटावर बसताना आधी जानवं शोधतात, मग चष्मा, मग पाट. ती फिसकन हसली. आवाज जेमतेम, पण हसली.

पंगतीत पहिला घास मामांनीच घेतला. दुसऱ्या घासाला ते थांबले, तिसऱ्याला त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

"ताई, भाजी लई गोड झाली गं," ते घसा खाकरत म्हणाले, "पण आतून कुणीतरी गुदगुल्या करतंय."

मग एकेक जण खाकरू लागला. सवाष्णी पदर तोंडाला लावून गूळ मागू लागल्या. पानापानांतून भाजी बाजूला सारली गेली. आई दारात वाढायचं भांडं धरून उभी होती. इतक्या वर्षांत तिच्या हातचं पान असं कुणी सारलं नव्हतं.

"चिरताना कोण बोललं?" तिनं विचारलं.

बायकोनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "बोलले नाही, आई. हसले."

"कशाला?"

"असंच."

म्हणजे तिनं मला वाचवलं. पाईप, नाला, नक्कल, सगळं माझ्या घशात होतं आणि भाजीपेक्षा तेच जास्त खाजत होतं. मी पानातल्या पुरणाकडं बघत बसलो.

"कुणाकुणाचा हात नसतो बाई त्याला," आई म्हणाली. भांडण नाही, आदळआपट नाही. पण त्या दिवसापासून विळी आईकडं परत गेली. पुढं मामा दर महालक्ष्म्यांना दारातूनच विचारायचे, "अळू कुणी चिरलाय? सुनेनं चिरला असंल तर मी आधी ताक पितो." सगळे हसायचे. बायकोही हसायची. नाल्याचा अळू आईनं त्याच पावसाळ्यात उपटला, "बाटला" म्हणून, आणि मंडईतून आणू लागली. घरच्यांच्या लेखी आजोबांच्या ट्रंकेतला वंश तिथं संपला.

पुढच्या वर्षी बायकोनं माहेरून मायाळूची दोन कांडं आणून फाटकापाशी खोचली. मायाळूचा स्वभाव अळूच्या उलट. ह्याला ऊन हवं, चढायला तार हवी आणि पाणी बेतानं. पाय बुडाले की तो रुसतो. शेंडे खुडत राहिलं तर दाट होतो, नाहीतर विजेच्या खांबाकडं निघतो. आमच्या फाटकावर त्यानं लाल देठांची कमानच केली. पत्ता सांगताना आम्ही "वेलाचं घर" म्हणू लागलो. जांभळी फळं आली की गल्लीतली पोरं हात रंगवून जायची आणि त्यांच्या आया आम्हाला बोल लावायच्या. पानांची भजी कुरकुरीत होतात, डाळीत घातली तर वरण दाट होतं, तोंड आलं तर पान नुसतंच चावावं. चिंच नको, तेलाचा हात नको. चिरताना पोवाडा म्हटला तरी चालतो.

आई म्हणायची, "गिळगिळीत. शेंबडासारखं." पण भजी तळली की दोन जास्त घ्यायची.

"खाजत तर नाही ना, आई?" बायको विचारायची.

"नाय बाई, खाजत नाय," आई म्हणायची. दोघी मग दुसऱ्याच विषयावर जायच्या. मी पेपर वाचत असायचो.

आई जाऊन आता काही वर्षं झाली. मामा आहेत, ताक सुटलेलं नाही. गेल्या महालक्ष्म्यांना मुलगी सुट्टी काढून आली होती. बायकोनं अळूची जुडी तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "तू चिर गं. माझ्या हाताला अळू खाजतो."

मुलगी म्हणाली, "आई, असं काही नसतं."

"असतं," बायको शांतपणे म्हणाली. "माझ्या हाताला आहे."

इतकी वर्षं मी समजत होतो की ती घरच्यांची समजूत काढतेय. तिला ते खरं वाटत होतं. आमच्या लग्नाइतकं जुनं झालेलं माझं खोटं तिनं स्वतःच्या हातावर घेतलं होतं, आणि मी शेजारच्या खोलीत रांगोळीचे डबे शोधत होतो.

आईला आता काही सांगता येणार नाही. बायकोला सांगणं मात्र बाकी आहे: तिच्या हाताला काही झालेलं नाही, अळू मी मारला होता, नाल्यावरचा खाजरा रानअळू मीच लावला होता, आणि तिला हसवलंही मीच. हे तिला एकटीला गाठून सांगणं पुरणार नाही. तिनं ऐकून घेतलं ते भरल्या पंगतीत. मामा आणि त्या दिवशीचे जे कोणी उरलेत त्यांच्यासमोर, येत्या महालक्ष्म्यांना, ते मला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.