तेल लावू नका

"तुझ्याच गावच्या ना या? मग फवारा तूच मार. की बायकांना घाबरतोस?"

साहेब हे सगळ्यांसमोर बोलले. पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीच्या वळणावर. रस्त्यात वीसेक बायका बसल्या होत्या. खडीच्या खाणीतल्या सुरुंगांनी वाडीचा झरा आटला, म्हणून त्यांनी डंपर अडवले होते. बाप्ये सगळे मुंबईला कामाला. खाणमालक साहेबांच्या गाडीत बसून हसला. मी हवालदार, वीस वर्षांची नोकरी. मान खाली गेली.

नव्या कायद्याने ठाण्यात हे फवारे आले होते. मिरचीच्या अर्काचे. महाडला एका दुपारी प्रशिक्षण झालं. शिकवणारा म्हणाला, "काठीने डोकं फुटतं, गोळीने माणूस जातो. याने कुणी मरत नाही." आधी इशारा द्या, म्हणाला. नंतर भरपूर पाण्याने डोळे धुवा. तेल लावू देऊ नका, तेलाने अर्क कातडीला धरून राहतो. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

मी फवारा मारला. इशारा न देता, दोन हातांच्या अंतरावरून.

पुढे माझी चुलती होती. पोलीस भरतीच्या वेळी मला पहाटे धावायला उठवणारी. तिने आधी मला ओळखलं. "तू हायस काय रे?" एवढंच म्हणाली. मग तोंड धरून खाली पडली. "डोळं गेलं गो माझं!"

मिरची कुटताना हात भगभगले की आमच्याकडे खोबरेल चोळतात. बायकांनी तेच केलं. कुणीतरी पळत जाऊन बाटली आणली. तोंडाला, पापण्यांना, डोळ्यांत तेल. ती जास्तच ओरडायला लागली.

"आणखी लाव गो, उतरंल."

मी पाच पावलांवर उभा होतो. मला माहीत होतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. साहेब बघत होते.

मी बोललो नाही.

डंपर गेले.

तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्याने दिसेनासं झालं. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाली, "लांब बस रे. तेलाचा डाग लागंल तुझ्या कपड्याला." मी लांब बसलो.

फवारा वापरला की अहवाल द्यावा लागतो, हेही नव्या कायद्यातच आहे. साहेबांनी तो आधीच टाइप करून ठेवला होता. जमावाला तीन वेळा इशारा दिला. जखमींना तत्काळ पाणी पुरवले. खाली माझं नाव.

"कर सही."

"साहेब, पाणी दिलं नाही."

"कोण विचारतंय? डोंगरातल्या बायका त्या. चार दिवसांत विसरतील."

माझी आई डोंगरातलीच होती. मीही. वीस वर्षं असलं ऐकून मी हसलो होतो, कधी दोन शब्द वर जोडलेही होते. त्या दिवशी हसू आलं नाही.

"नाही करणार," मी म्हणालो.

"नोकरी जड झाली का?"

मी कोरा कागद घेतला. इशारा दिला नाही. पाणी दिलं नाही. तेल लावताना पाहिलं, थांबवलं नाही. हुकूम कुणाचा, हात कुणाचा, सगळं लिहिलं. सही केली आणि पोच मागून घेतली.

आता मी निलंबित आहे. घरात बायको बोलत नाही. ठाण्यातले सोबती फोन उचलत नाहीत. चुलतीची माफी मी मागितलेली नाही, मागणारही नाही. तेवढ्यावर मी सुटता कामा नये.

तिची सून तक्रार लिहिते आहे. मी तिला जाऊन सांगितलं, पहिलं नाव माझं घाल. दुसरं साहेबांचं. साक्षीला मी उभा राहीन, दोघांच्याही विरोधात.