विकायला परवानगी, कौतुकाला बंदी

आमच्या कामाचा अहवाल छापील फॉर्मवर जातो. दुकानाचं नाव, काय आढळलं, काय समज दिली, सही. पण खरं जे घडतं त्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही! मग ते आमच्या गाडीत साठत जातं, आणि धाराशिवला परतताना कुणीतरी म्हणतंच, "त्या दिवशीचं आठवतंय का?"

काम म्हणजे काय, तर तान्ह्या बाळांच्या डब्यातल्या दुधाची कुणी जाहिरात करत नाही ना, हे बघत फिरायचं. मेडिकल, दवाखाने, प्रसूतिगृहं. ज्या बाळाला खरंच गरज असते त्याला डॉक्टर डबा लिहून देतात, त्याच्याशी आमचं भांडण नाही. गाडीत आम्ही तिघं. मी संस्थेची आहारतज्ज्ञ, नियमांचं पुस्तक पर्समध्ये घेऊन हिंडणारी. गाडी चालवतात मुलाणीभाई. आणि कांबळे सिस्टर, बाळंतपणाच्या वॉर्डात उभी हयात घालवून रिटायर झालेल्या. त्या आमच्याकडून एक पैसा घेत नाहीत.

का येता, असं मी विचारलं तर पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं. "मी नवीन होते तेव्हा कंपनीचा माणूस वॉर्डात फुकट डबे ठेवून जायचा. घरी जाणाऱ्या बायांच्या पिशवीत मी ते घालायचे, भेट म्हणून! कायदा तेव्हाही होता, आमच्या वॉर्डापर्यंत आला नव्हता एवढंच. डबा संपेपर्यंत आईचं दूध आटतं. मग पुढचा डबा पुरवायचा म्हणून पावडर कमी, पाणी जास्त. माझ्या हातून किती लेकरांचं तसं झालं असेल, कुणाला ठाऊक. मीच केलं ना, मग मलाच निस्तरलं पाहिजे."

त्यानंतर तो प्रश्न मी त्यांना परत विचारला नाही.

*

अणदूरच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर डब्यांची उतरंड रचलेली, आणि वर पाटी, 'डब्यावर वाटी-चमचा मोफत.' मी पुस्तक काढून कलम वाचून दाखवलं. दुकानदार शांतपणे ऐकत होता.

"मॅडम, डबा इकायला बंदी हाय का?"

"नाही."

"मग?"

"त्याचं कौतुक करायला बंदी आहे."

तो जरा विचारात पडला. मग एकदम खुलला. "म्हंजे आमच्या आईचा सुनंबद्दलचा नियम हाय की हा! घरात ठिवायची, पण चार लोकांत कौतुक करायचं न्हाय!"

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "खरं हाय!" पाटी मात्र त्यानं लगेच उतरवली.

*

आता माझी फजिती. एका दवाखान्यात भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर, टेबलावर कंपनीचं घड्याळ, वजनाच्या तक्त्यावर कंपनीचं नाव. मी चेहरा कडक करून एकेक वस्तू लिहून काढली आणि डॉक्टरांपुढे सहीला कागद सरकवला. त्यांनी सगळा वाचला, सही केली आणि पेन परत देताना दोन बोटांत धरून माझ्यासमोर फिरवलं.

"हे तेवढं राहिलं की मॅडम."

पेनावर तेच नाव! पोषण आहाराच्या कुठल्याशा कार्यक्रमात पिशवीतून आलेलं असणार, मी कधी बघितलंच नव्हतं. यादीत चौथी वस्तू मी स्वतः लिहिली. त्याच पेनानं!

*

स्तनपान सप्ताहाचा आमचा फ्लेक्स तर विचारूच नका. मजकूर मी फोनवरून सांगितला, चित्र फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं टाकलं. सभागृहात दोन भाषणं झाली, टाळ्या झाल्या. तिसऱ्या भाषणात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली.

"बाई, वर लिवलंय आईचं दूध अन् लेकराच्या तोंडात बाटली कशाला दिली?"

सगळ्यांनी वळून बघितलं. हातभर लांब बाटली होती! आम्ही सकाळपासून तिच्याखाली उभं राहून फोटो काढत होतो. बाटलीचं चित्र इतकं अंगवळणी पडलंय की ते हुडकत फिरणाऱ्यांनाही दिसत नाही, याची मला खरंच लाज वाटली.

*

मुलाणीभाई एकदा म्हणाले, "सिस्टर, डब्यावर लेकराचा फोटो का चालत न्हाय? लेकरू तर सगळ्यांनाच आवडतं."

"म्हणूनच चालत नाही. डब्यावर गुटगुटीत बाळ दिसलं की आईला मांडीवरचं आपलं वाळकं वाटायला लागतं."

मुलाणीभाईंनी गिअर बदलला. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमचे अब्बा शेजाऱ्याचं सोयाबीन बघून आपल्या पिकावर औषध फवारायचे. आपलं चांगलं असताना. लई नुकसान केलं."

*

माकणीचं मात्र गाडीत कुणी हसत सांगत नाही.

तिथल्या आशाताईंचा फोन आला, बारा दिवसांचं बाळ डब्यावर आहे, डबा खाजगी दवाखान्यातून फुकट मिळालाय. आम्ही गेलो. दारात बाळाची आजी उभी होती, रुक्मिणबाई. सिस्टरना बघून तिनं तोंडावर हातच ठेवला.

"अगं बया, सिस्टर! वळिकलं न्हाय का? ह्या पोरीच्या टायमाला म्या तुमच्याच वॉर्डात व्हते. तुमी मला डबा दिल्ता!" मग खाटेवरच्या लेकीकडं बोट करून म्हणाली, "आता हिलाबी दवाखान्यात तसलाच दिला. ही नगं म्हणत व्हती. म्याच म्हणलं, पाज. सिस्टरनी दिल्याली वस्तू वाईट आसंल व्हय?"

लेक खाली मान घालून म्हणाली, "आता मला दूधच येईना."

सिस्टर उंबऱ्याशीच थांबल्या होत्या. मग आत जाऊन रुक्मिणबाईसमोर उभ्या राहिल्या.

"बाई, तो डबा मी द्यायला नको होता. माझं चुकलं."

रुक्मिणबाईनं कोपऱ्यातली चटई घेतली आणि लेकीच्या खाटेपाशी अंथरली.

"चुकलं न्हवं? मग बसा हितं. पोरीला दूध येईस्तवर उठायचं न्हाय."

सिस्टर बसल्या. बाळाला दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आईच्या छातीशी लावलं, आणि मागं न बघताच मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही निघा. आमच्या घरी सांगा, आठ दिवस वाट बघू नका म्हणावं."